संगणकपद्धतींचा वाद आणि देवनागरी लेखन

१९८१ मध्ये आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक व १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. तेव्हापासून या दोन परंपरांपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद चालत आला आहे. एक पक्ष स्वस्ताईचा दाखला देतो, दुसरा वापरातील सुलभतेचा. मराठी लेखनाची कसोटी मात्र निराळी आहे. प्रत्येक फाँटचा अक्षरसंकेत भिन्न होता, तोवर एका यंत्रावरील लेख दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांची रास होई. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्थान मिळाले. पुढे दोन्ही परंपरांनी हा संकेत स्वीकारल्यामुळे ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद उभयत्र टिकतो. जुन्या फाँटांतील लेख मात्र तो फाँट हाती नसल्यास आजही वाचता येत नाहीत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे, हे यंत्राच्या निवडीहून अधिक निकडीचे कार्य होय.