पाव किलो तेल

सुप्याला मी गेले होते ती जळालेल्या वह्यांसाठी. मोरगावहून चौफुल्याकडे निघालं की हे गाव लागतं. तालुका बारामती, पण बारामती म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा हिरवागार ऊस इथं नाही. हा जिरायती पट्टा, पावसाच्या भरवशावरचा. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी इथल्या पेठेत जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे दुकानांतून ओढून काढून पेटवून दिले. दुकानं लुटली, काही घरंही जाळली. पण रोख खरा कागदावर होता. पुढं नगर जिल्ह्यापर्यंत तिसावर गावांत हेच झालं. त्या वेळचा सावकार म्हणजे बहुतेकदा दुकानदारच. मीठ-तेल त्याच्याकडून, बियाण्याला पैसे त्याच्याकडून, आणि सुगीला धान्यही त्यालाच. अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा त्यानं हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ मध्ये ती लढाई संपली, भाव कोसळले, आणि तो हात आखडला. सरकारनं शेतसारा मात्र वाढवून ठेवला होता.

एवढं वाचून गेलेल्या माणसाला गावात काय दिसणार? बाजारपेठ, मोटारसायकली, मोबाइलची दुकानं. ऊन फार होतं म्हणून एका किराणा दुकानाच्या पायरीवर टेकले, आणि गल्ल्याशेजारी वही दिसली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, मधोमध दोऱ्यानं शिवलेली. ज्या गावानं वह्या जाळल्या, त्या गावात.

शेठना (सगळे शेठच म्हणतात) १८७५ विचारलं तर ते हसले. ‘‘पोरीच्या पुस्तकात होतं ते. आमचं पणजोबा राजस्थानातनं आलं ते त्याच्या मागनं. आमची वही न्हवती त्यात.’’

या वहीत बेचाळीस खाती आहेत. हा आकडा त्यांनी पहिल्या तासाभरात तीनदा सांगितला. पूर्वी कितीतरी जास्त होती म्हणे, आता बेचाळीस. नावं आडनावासकट कुठंच नाहीत. ‘गिरणीमागं’, ‘थोरली नर्सबाई’, ‘वडाखालचा’, आणि एका पानावर नुसतं ‘काळी गाय’. त्या बाईच्या गोठ्यात आता दोन जर्सी आहेत, पण खातं अजून काळ्या गाईच्या नावानं चालतं.

गाईचा संबंध नुसता नावापुरता नाही. इथं महिन्याचा पगार फार थोड्यांना. बाकीच्यांचा पगार दुधाचा, डेअरीकडून दर दहा दिवसांनी. उधारीही दहा दिवसांची. दुधाचा दर दोन रुपयांनी उतरला की माझी वही जाड होती, असं शेठ म्हणाले. वर्तमानपत्रात दूधदराची बातमी मी आजवर चाळून पुढे जात होते.

सकाळचं काम सांगण्यासारखं काही नाही. फळ्या काढायच्या, झाडलोट, उदबत्ती, पोती पुढं ओढायची. वास मात्र थरांनी येतो. आधी साबण, मग हळद, मग गूळ, आणि सगळ्यांच्या तळाला ओल्या गोणपाटाचा. मागच्या भिंतीला पितळी मापं टांगलेली आहेत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा; पण म्हाताऱ्या बाया बाजरी अजून पायलीत बोलतात, आणि शेठ मनातल्या मनात किलो करतात. काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्याच्या बाजूला पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारं ते डबडं.

अकराच्या सुमारास एक पोरगं आलं. पाव किलो सुटं तेल घेतलं, मोबाइल धरला. डबडं ओरडलं, छत्तीस रुपये प्राप्त झाले. अख्ख्या आळीला कळलं.

त्याच्यामागं एक बाई उभ्या होत्या. पुढं येत नव्हत्या. पोरगं गेलं, मग बिडीबंडलवाले आजोबा गेले, मग त्या सरकल्या. आवाज अगदी खालचा. साखर एक किलो, चहापूड, अंगाचा साबण. मग, ‘‘अर्धा किलो तेल.’’

‘‘पाव न्या वहिनी. पगार शनिवारी हाय न्हवं?’’

‘‘बरं.’’

एवढंच. शेठनी त्यांची बाटली नरसाळ्याखाली धरली, माप ओतलं, आणि नरसाळ्याच्या टोकाला शेवटचा थेंब लोंबकळत होता तो पडेपर्यंत हात हलवला नाही. मग वही उघडली. लिहून ठेवा असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. म्हणायला लागू नये, याची काळजी शेठनी घेतली असावी. पण त्या घरात शनिवारपर्यंत किती तेल पडणार, तेही काउंटरच्या याच बाजूला ठरलं होतं. थेंबासाठी थांबणारा हात आणि अर्ध्याचं पाव करणारा हात एकच. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

वहीत तेलाचे त्यांनी अडतीस लिहिले.

मी विचारलंच. छत्तीस ना? शेठ चिडले नाहीत. ‘‘आवं, पैका अडकतो माझा. घाऊकवाला मला दहा दिस थांबतोय व्हय?’’ छत्तीसवर दोन रुपये, दहा दिवसांसाठी. परतीच्या गाडीत मी हिशेब केला. वर्षाचा दर दोनशे टक्क्यांवर जातो. १८७५ च्या दंग्यानंतर नेमलेल्या आयोगापुढं शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं उदाहरण आलं होतं. आपल्याकडची दामदुपटीची जुनी रीत व्याजाला मुद्दलापुढं जाऊ देत नसे. तिला तेव्हा कुणी विचारलं नाही. १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. दोन रुपयांचं मी उगीच मोठं करते आहे का? असेल. पण पाव किलो तेलाला कर्ज देणारी बँकही मला माहीत नाही. नोटबंदीनंतर दोन महिने अर्धं गाव याच वहीवर जेवलं, हे शेठ सांगतात तेव्हा पायरीवर बसलेले एक आजोबाही मान डोलावतात.

बेचाळिसातलं एक खातं तीन वर्षं तसंच आहे. तेराशे चाळीस रुपये. तो माणूस गावातच असतो, पण दुकानावरून जात नाही. मागच्या आळीनं वळसा घालून स्टँडवर जातो. ‘‘पैसं ऱ्हायलं त्याचं काय न्हाई,’’ शेठ म्हणाले. ‘‘पर त्यो आता काडेपेटी बी दुसरीकडनं घेतो.’’ रोखीची काडेपेटी.

घरी आले तरी तो नरसाळ्याचा थेंब जाईना. लेखाला गरज नव्हती, तरी शनिवारी पुन्हा गेले. दुपारपर्यंत पायरीवर बसून शेंगदाणे खाल्ले. त्या बाई साडेबाराला आल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, पण आज त्या थांबल्या नाहीत. दोघांच्या मधून वाट काढत पुढं आल्या आणि पदराच्या गाठीतून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या.

‘‘शेठ, अर्धा किलो तेल,’’ त्या म्हणाल्या. डबड्याइतक्याच मोठ्यानं.

शेठनी आधी वही घेतली, पान काढलं, आकड्यांवरून तिरकी रेघ मारली. बाईंनी मान वाकडी करून ती रेघ खालच्या ओळीपर्यंत गेली आहे का, ते पाहिलं, आणि मगच बाटली पुढं केली.