घराखालची जुनी ट्रॉली

घर बांधायचे म्हटले की आपल्याकडे आधी पाया खणतात, मग चिरा लावतात. पण पायालाच चाके असली तर? कल्पना तशी नवी नाही. राजस्थानातील गाडिया लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीलाच घर मानले. अमेरिकेत जे शेफर यांनी १९९९ साली ट्रेलरवर चिमुकले घर बांधले. तेथील नियमांत इतके लहान घर बसत नव्हते, म्हणून त्याला चाके आली.

आमच्या पाळी गावी हा विषय निराळ्याच कारणाने निघाला. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही काळ चालू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खनिज वाहणारे टिपर डिचोली तालुक्यात दारोदार उभे राहिले. माझ्या काकांनी आपला टिपर शेवटी विकला. घराची जागा सामायिक. पक्की खोली काढायची तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. तेव्हा जुनी ट्रॅक्टरची ट्रॉली घ्यावी आणि तिच्यावर १२ फूट बाय ७ फुटांची खोली उभारावी, असे काकांच्या मनाने घेतले. "तू कॉमर्सवाला, हिशेब तू कर," असे म्हणून ट्रॉली पाहायला त्यांनी मला बरोबर नेले. त्या निमित्ताने जे शिकलो ते येथे मांडतो.

पहिला हिशेब वजनाचा. लोक आधी ट्रॉली घेतात आणि मग घराचा विचार करतात. क्रम उलटा हवा. जमिनीसाठी १८ मिलिमीटर प्लायवुडचे ३ तक्ते, प्रत्येकी सुमारे ३५ किलो, म्हणजे १०५ किलो. भिंतींना १२ मिलिमीटरचे ८ तक्ते, सुमारे १८४ किलो. लोखंडी अँगलचा सांगाडा ६० मीटर, मीटरला ३ किलोप्रमाणे १८० किलो. छपराचे पत्रे ५० किलो. बेरीज झाली ५१९. आता संसार मांडू : पाण्याचे २०० लिटरचे पिंप २०० किलो, भरलेला गॅस सिलिंडर ३० किलो, खाट-कपाट-भांडी २५० किलो आणि तीन माणसे १८० किलो. बेरीज ६६०. एकूण ११७९ किलो. घरापेक्षा संसार जड, हे मला त्या दिवशी कागदावर कळले. शिवाय पावसाळ्यात लाकूड पाणी पिते, ते वेगळे.

ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकात रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे ती किती ओझे पेलू शकते ते. तो फरक आपल्या हिशेबाच्या निदान दीडपट असावा, असे मी धरले. जुन्या ट्रॉलीला मालकांनी वेळोवेळी पट्ट्या-पत्रे जोडलेले असतात. म्हणून पुस्तकावर विसंबू नये, रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर चढवावी. रुंदीही पाहावी. रस्त्यावरील वाहन २.६ मीटरपेक्षा रुंद चालत नाही. सात फूट म्हणजे २.१३ मीटर, तेव्हा तेथे अडचण नव्हती.

दुसरा हिशेब लोखंडाचा. आमच्या वर्गात घसारा शिकवतात. वहीत तो दरवर्षी ठरावीक टक्क्याने पडतो. गंज असा नियम पाळत नाही. लाल माती सांध्यांत साचते, ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते. म्हणून ट्रॉलीखाली शिरून आडव्या पट्ट्यांचे सांधे, कमानपाट्यांच्या बैठका आणि ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याचे वेल्डिंग पाहावे. हातोडीने ठोकावे : निरोगी लोखंड खणखणते, खाल्लेले बद्द वाजते. चॅसीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोरी ताणून दोन्ही कर्ण मोजावेत. १२ बाय ७ च्या चौकटीचा कर्ण सुमारे १३ फूट १०॥ इंच येतो. दोन कर्णांत फरक पडला तर चौकट वाकलेली आहे. चाक जॅकवर उचलून हलवावे, म्हणजे बेअरिंगचा खुळखुळाट कळतो. टायरवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा असू शकतो.

तिसरा हिशेब कागदांचा. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून स्वतंत्र असते. चॅसीवर ठोकलेला क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात आणि कर्ज फिटले असल्यास बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनमानी फेरफार करता येत नाही. खोली चढवण्याआधी वाहतूक खात्याला विचारावे. आणि चाके आहेत म्हणून पंचायत विचारणार नाही, हिस्सेदार बोलणार नाहीत, असे मुळीच समजू नये. काकांना हे ऐकणे जड गेले. पण सह्यांचा प्रश्न चाकांनी सुटत नाही, फार तर सोपा होतो.

शेवटी, उभी ट्रॉली टायरांवर सोडू नये. चॅसीच्या चारही कोपऱ्यांखाली चिरे रचून, वर जाड फळी ठेवून भार त्यांवर घ्यावा. म्हणजे पाटे बसत नाहीत आणि घर डुलत नाही.

आम्ही पाहिलेली ट्रॉली नव्या निळ्या रंगात चमकत होती. काका विसार खिशात घेऊनच आले होते. आमच्या ओळखीचा फिटर हुबळीकडचा; तो खाली शिरला आणि कन्नडमध्ये मला म्हणाला, रंग वरून आहे, भेग खालून आहे. पाट्याच्या बैठकीजवळ तडा होता, त्यावर वेल्डिंग ओतून रंग फासला होता. विसार खिशातच राहिला.

काका अजून शोधात आहेत. मात्र आता ट्रॉली दिसली की ते आधी किंमत विचारत नाहीत, वाकून खाली पाहतात. जुनी वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावे, असे मला वाटते.