वाट पाहणारी खिडकी

पूर्वी संगणकाला काही सांगावयाचे म्हणजे आज्ञा टंकित करावी लागे. १९६८ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊसचा प्रयोग लोकांसमोर करून दाखविला. पुढे पडद्यावर खिडक्या आल्या, बटणे आली. अशी खिडकी स्वतः तयार करणे फारसे अवघड नाही.

पायथन या संगणकभाषेत त्यासाठी टीकेइंटर नावाचे साधन आहे. आरंभी एवढेच करावे : एक खिडकी उघडावी, तीत एक आकडा व एक बटण मांडावे, बटण दाबताच आकडा एकाने वाढावा. दहाबारा ओळींत हे काम होते.

परंतु नवशिका विद्यार्थी बहुधा ‘मेनलूप’ ही शेवटची आज्ञा विसरतो, आणि खिडकी दिसण्यापूर्वीच नाहीशी होते! असे का व्हावे? साधी आज्ञावली वरून खाली चालते आणि संपते. खिडकीची आज्ञावली मात्र दुकानदारासारखी असते. दुकानदार माल मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहतो, मागितलेली वस्तू देतो आणि पुन्हा वाट पाहू लागतो. हे वाट पाहणे म्हणजेच ‘मेनलूप’ होय.

एकाच गिऱ्हाइकापाशी दुकानदार तासभर अडकला, तर बाकीचे ताटकळतात. तद्वतच एका बटणाचे काम लांबले, की सारी खिडकी थिजते. म्हणून बटणाला थोडक्यात आटोपणारे काम नेमून द्यावे.

एवढे ज्याला उमगले, त्याला पाढे विचारणारी खिडकीही करता येईल.