आईला माहेरपण, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर

जर्मनीत बव्हेरियातल्या बाड व्योरिसहोफन या गावी माणसं गार पाण्याच्या उथळ हौदात उतरतात आणि करकोच्यासारखा एकेक पाय पाण्याबाहेर उचलत फेऱ्या मारतात. बघणाऱ्याला हसू येईल. पण सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) या पाद्र्याने लोकप्रिय केलेला हा उपचार आहे. विद्यार्थिदशेत क्षयाने खंगलेल्या क्नाइपने १८४९ च्या हिवाळ्यात डॅन्यूबच्या बर्फगार पाण्यात डुबक्या मारल्या आणि तो तगला. (डुबकीने क्षय जातो, असं मात्र कुणी समजू नये.) त्याच्या उपचाराचे खांब पाच : पाणी, वनौषधी, व्यायाम, आहार आणि जगण्याची घडी. आपण ज्याला दिनचर्या म्हणतो, त्याच्या जवळचा हा पाचवा खांब. थकलेल्या आईचं नेमकं तेच मोडलेलं असतं.

आईसाठी जर्मनीने वेगळी संस्था उभारली ती १९५० मध्ये. युद्धानंतर शहरं ढासळलेली, कित्येकींचे नवरे मेलेले किंवा कैदेत. पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष थेओडोर हॉइस यांच्या पत्नी एली हॉइस-क्नाप यांनी मातांना विश्रांती आणि उपचार मिळावेत म्हणून प्रतिष्ठान स्थापन केलं. नाझी काळात नवऱ्याची कामं बंद झाली, तेव्हा रेडिओच्या जाहिराती करून या बाईंनी घर चालवलं होतं. संसार एकटीच्या खांद्यावर येतो म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्या कामातून रुजलेली ‘आईची कूर’, म्हणजे आईसाठीचा उपचार-मुक्काम, आजही चालते. मुक्काम साधारण तीन आठवड्यांचा. डॉक्टर गरज लिहून देतात, आरोग्य विमा खर्च उचलतो, आईने भरायचे ते दिवसाला दहा युरो. २००७ पासून कायद्यानुसार विमा कंपन्यांना हा खर्च द्यावाच लागतो. लहान मुलांना सोबत नेता येतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं, पाठीचे व्यायाम आणि आहाराचा सल्ला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी क्नाइपचं पाणीही. रूढ वैद्यक आणि जुना उपचार एका छपराखाली नांदतात, भांडत नाहीत.

आईच्या या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणावं का, हा प्रश्न गमतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द नोकरीच्या कामापुरता राखून ठेवला आहे. घरातलं काम त्यात बसत नाही! बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक यांनी मात्र पालकांचा बर्नआउट स्वतंत्रपणे मोजला. ४२ देशांमधल्या त्यांच्या २०२१ च्या अभ्यासात तो व्यक्तिकेंद्री, सुटीसुटी कुटुंबं असलेल्या पाश्चात्त्य समाजांत जास्त दिसला.

हे वाचून आपण लगेच पाठ थोपटून घेऊ नये. पहिलटकरणीला माहेर, सव्वा महिना शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू, ही आपली व्यवस्था खरी. पण ती बाळंतिणीची. मूल आठ वर्षांचं झालेल्या आईला कोण शेकतो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बायका बिनपगारी घरकामाला रोज २८९ मिनिटं देताना दिसल्या, पुरुष ८८. मंगळागौरीला रात्र जागवून फुगड्या घालणं हीसुद्धा एक सुटकाच होती, पण दुसऱ्या दिवशी पहाटे चूल तिचीच.

जर्मन निसर्गोपचाराचा एक धागा आपल्या दारापर्यंतही आला आहे. लुई कूने आणि अडोल्फ यूस्ट यांची पुस्तकं वाचून गांधीजी पाणी आणि मातीच्या उपचारांकडे वळले, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. माती आली, पाणी आलं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर आईला घरातून सोडवणारा कायदा तेवढा आला नाही.

तिकडच्या कायद्याने एक कलम आणखी जोडलंय. आई उपचाराला गेली आणि मागे बारा वर्षांखालचं मूल असलं, सांभाळायला कुणी नसलं, तर विम्यातून घरकामाला मदतनीस मिळू शकतो. आपल्याकडे ही जागा आजीची. हल्ली ती आजीही सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाते.