नेक्स्टक्लाउड डेटाबेसची पीएचपीमायअ‍ॅडमिनशी जोडणी

नेक्स्टक्लाउड ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी मुक्त स्रोत क्लाउड प्रणाली आहे. तिचा डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिन या व्यवस्थापन साधनाशी जोडल्यास प्रशासकाला एकाच न्याहाळकातून अनेक सर्व्हरांवरील डेटाबेस पाहता येतात, त्यांतील तक्त्यांचा आकार तपासता येतो आणि त्यांची प्रत काढता येते. ही जोडणी करताना डेटाबेस संपूर्ण इंटरनेटला खुला होऊ न देणे ही सर्वांत महत्त्वाची अट होय.

पार्श्वभूमी

फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड हा प्रकल्प सुरू केला. २०१६ मध्ये ते व त्यांचे अनेक सहकारी त्यातून बाहेर पडले आणि त्याच मुक्त आज्ञावलीच्या आधारे नेक्स्टक्लाउडची निर्मिती झाली. नेक्स्टक्लाउडच्या तक्त्यांची नावे आजही सामान्यतः 'ओसी_' या जुन्या उपसर्गाने सुरू होतात. नेक्स्टक्लाउडसाठी मायएसक्यूएल (१९९५), तिच्यापासून मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये वेगळी केलेली मारियाडीबी, तसेच पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणाली वापरता येतात. टोबियास रॅटशिलर यांनी १९९८ मध्ये सुरू केलेले पीएचपीमायअ‍ॅडमिन यांपैकी पहिल्या दोन प्रणालींसाठी आहे.

डेटाबेसमध्ये काय असते

नेक्स्टक्लाउडवर चढवलेली छायाचित्रे व दस्तऐवज सहसा डिस्कवरील 'डेटा' या निर्देशिकेत राहतात. संचिकांची नावे, त्यांचे आकार, सदस्यांची खाती, कोणती संचिका कोणाबरोबर वाटून घेतली आहे याच्या नोंदी, दिनदर्शिका व संपर्क मात्र डेटाबेसमध्ये असतात. डेटाबेसचा पत्ता, नाव, वापरकर्ता व पासवर्ड 'कॉन्फिग.पीएचपी' या संचिकेत नोंदवलेले असतात. त्यामुळे ही संचिका गोपनीय ठेवावी लागते.

मूळ अडचण

मारियाडीबी बहुधा १२७.०.०.१ या पत्त्यावर, ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर विनंत्या स्वीकारते. हा पत्ता म्हणजे तो संगणक स्वतःच. परिणामी नेक्स्टक्लाउड त्याच सर्व्हरवर असल्यास त्याला डेटाबेस सापडतो, पण दुसऱ्या संगणकावरील व्यवस्थापन साधनाला सापडत नाही.

'बाइंड-अ‍ॅड्रेस' ही मांडणी बदलून सर्व पत्त्यांवरून येणाऱ्या विनंत्या स्वीकारणे हा सोपा वाटणारा उपाय आहे. मात्र असे केल्यास जगातील कोणताही संगणक डेटाबेसच्या दारापर्यंत पोहोचू शकतो. या धोक्याचे एक उदाहरण २०१७ च्या आरंभी मोंगोडीबी या वेगळ्या डेटाबेस प्रणालीबाबत दिसले. पासवर्डाविना इंटरनेटवर खुले राहिलेले हजारो डेटाबेस हल्लेखोरांनी पुसून टाकले व त्यांच्या मालकांकडे खंडणी मागितली. पासवर्ड असला, तरी खुल्या पोर्टवर तो ओळखण्याचे स्वयंचलित प्रयत्न होत राहतात.

डॉकरच्या वापरात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. डॉकरने बाहेर खुले केलेले पोर्ट 'यूएफडब्ल्यू' या फायरवॉलच्या नियमांना वगळून उपलब्ध होऊ शकते. त्यामुळे फायरवॉलमध्ये बंद दिसणारे पोर्ट प्रत्यक्षात उघडे असण्याची शक्यता असते.

एसएसएच बोगदा

या अडचणीवरील प्रचलित उपाय म्हणजे एसएसएच बोगदा. हेलसिंकी येथील तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच विकसित केले. त्याद्वारे दोन संगणकांमधील संवाद कूटबद्ध होतो.

पीएचपीमायअ‍ॅडमिन असलेल्या मध्यवर्ती संगणकावर, उदाहरणार्थ, ३३०७ हे पोर्ट उघडले जाते. त्या पोर्टवर आलेली विनंती एसएसएचमार्गे नेक्स्टक्लाउडच्या सर्व्हरपर्यंत जाते व तेथे १२७.०.०.१ वरील ३३०६ या पोर्टला दिली जाते. डेटाबेसला ती विनंती त्याच सर्व्हरवरून आल्यासारखी दिसते आणि ३३०६ हे पोर्ट बाहेरच्या जगासाठी बंदच राहते. दुसऱ्या सर्व्हरसाठी ३३०८, तिसऱ्यासाठी ३३०९ अशी पोर्टे योजून त्यांची नोंद पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या मांडणीत केली, की प्रवेशाच्या पानावर हवा तो सर्व्हर निवडता येतो. बोगद्यासाठी वापरलेल्या एसएसएच किल्लीला केवळ या एका पोर्टपुरती परवानगी देता येते.

खाते आणि अधिकार

मारियाडीबीमध्ये खात्याची ओळख नाव आणि ते कोठून जोडले जात आहे तो पत्ता या दोहोंनी ठरते. व्यवस्थापनासाठी 'रूट' खाते किंवा नेक्स्टक्लाउडचे स्वतःचे खाते न वापरता वेगळे खाते निर्माण करणे इष्ट ठरते. केवळ निरीक्षण करायचे असल्यास त्या खात्याला माहिती वाचण्याचाच अधिकार दिला जातो. पीएचपीमायअ‍ॅडमिनचे पानही एचटीटीपीएसद्वारे व शक्यतो द्विस्तरीय पडताळणीसह उपलब्ध ठेवले जाते.

नेहमीच्या त्रुटी

२००२ किंवा २००३ क्रमांकाची त्रुटी म्हणजे डेटाबेसपर्यंत जोडणीच पोहोचलेली नाही. अशा वेळी बोगदा चालू आहे का, हे पाहावे लागते. लिनक्सवर 'लोकलहोस्ट' असे लिहिल्यास पोर्टऐवजी स्थानिक सॉकेट वापरले जाते, म्हणून बोगद्यासाठी १२७.०.०.१ हा पत्ता अंकांतच लिहावा लागतो. ११३० ही त्रुटी त्या पत्त्यावरून जोडणीस परवानगी नसल्याचे दर्शवते. १०४५ ही त्रुटी प्रवेश नाकारल्याची असून तिचे कारण चुकीचा पासवर्ड किंवा न जुळणारे खाते हे असते.

मर्यादा व दक्षता

पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून तक्त्यातील ओळ सहज पुसता येते, परंतु नेक्स्टक्लाउडला त्या बदलाची पूर्वकल्पना नसते. 'फाइलकॅश' या तक्त्यातील नोंद पुसल्याने डिस्कवरील संचिका नष्ट होत नाही. पुन्हा शोध घेतल्यावर मात्र त्या संचिकेला नवा क्रमांक मिळतो आणि जुन्या क्रमांकाशी निगडित वाटप, शेरे व खुणा तिच्यापासून तुटतात. म्हणून असे बदल नेक्स्टक्लाउडच्या 'ओसीसी' या आज्ञासाधनाद्वारे करणे योग्य ठरते.

केवळ डेटाबेसची प्रत म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. नेक्स्टक्लाउड देखभाल स्थितीत ठेवून डेटाबेस, 'डेटा' निर्देशिका व 'कॉन्फिग' निर्देशिका यांच्या प्रती एकाच वेळी घ्याव्या लागतात. अन्यथा पुनर्स्थापनेनंतर नोंदी व संचिका यांचा मेळ बसत नाही. मोठा डेटाबेस न्याहाळकातून काढताना वा परत चढवताना पीएचपीच्या वेळेच्या व आकाराच्या मर्यादा आड येतात. त्यामुळे अशा वेळी 'मारियाडीबी-डंप' हे साधन वापरले जाते.

अक्षरसंचाचीही काळजी घ्यावी लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट, तर बहुतेक इमोजी ४ बाइट जागा घेतात. मायएसक्यूएलमधील जुना 'यूटीएफ८' संच ३ बाइटांपुरताच असल्याने त्यात मराठी नावे टिकतात, पण इमोजी असलेली नावे साठवता येत नाहीत. त्यासाठी 'यूटीएफ८एमबी४' हा संच वापरला जातो.