देवनार: नियमांच्या आधी जन्मलेला डोंगर

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने वाशीकडे निघालं की शिवाजी नगरच्या सिग्नलपाशी डावीकडे, दाटीवाटीच्या घरांमागे एक लांबलचक टेकाड दिसतं. पावसाळ्यात त्यावर गवत माजतं, उन्हाळ्यात ते राखाडी दिसतं, आणि बारा महिने त्याच्यावर घारी घिरट्या घालत असतात. मुंबईला टेकड्यांचा तोटा नाही. हे टेकाड मात्र मुंबईकरांनी रोज थोडं थोडं करून स्वतः रचलं आहे. पालिकेच्या कागदांत त्याचं नाव देवनार क्षेपणभूमी, रिक्षावाल्यांच्या तोंडी डम्पिंग, आणि पायथ्याच्या रफिक नगरमधल्या जुन्या कचरावेचकांच्या बोलण्यात नुसतं खाडी. तिन्ही नावं खरी आहेत, कारण ठाणे खाडीच्या दलदलीतच ही भर पडत गेली. मूळ क्षेत्र सुमारे १३२ हेक्टर. काही ठिकाणी उंची ४० मीटरच्या आसपास पोहोचली, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी.

हा कचरा इथेच का आला, याचं उत्तर प्लेगमध्ये आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि शहरातली घाण शहराबाहेर काढण्याची इंग्रजी प्रशासनाला घाई झाली. तोवर मुंबईचा कचरा सखल भाग बुजवायला सर्रास वापरला जाई. एकोणिसावं शतक संपता संपता तो रेल्वेच्या डब्यांतून चेंबूरपलीकडच्या या दलदलीत येऊ लागला. कुर्ला-चेंबूर लोहमार्गावर १९२४ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या, पण त्याआधी तो मार्ग कचऱ्याच्या गाड्यांचा होता. आज हार्बर लाइनवर लोंबकळत जाणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं. क्षेपणभूमीचं अधिकृत वय १९२७ पासून मोजतात. देशातल्या सर्वांत जुन्या कचराभूमींपैकी ही एक आहे.

त्या काळी इथे वस्ती नव्हती, असं कुणी म्हणालं तर ते बव्हंशी खरं आहे. पुढचं वाक्य मात्र सहसा कुणी बोलत नाही. १९७०च्या दशकात शहरातल्या झोपड्या हटवताना माणसांना इथे आणून बसवलं ते सरकार आणि पालिका यांनीच. शिवाजी नगर आणि बैंगनवाडी यांची आखणी पुनर्वसन वसाहती म्हणून झाली. दहा बाय पंधरा फुटांचे भूखंड आणि सरळ गल्ल्या नकाशावर आजही ओळखू येतात. ज्यांना तेही मिळालं नाही ते आणखी पुढे, नाल्याच्या आणि डोंगराच्या कडेला सरकले. २००९च्या मुंबई मानवी विकास अहवालात या वस्त्यांचा एम पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. त्यामुळे ‘लोक कचऱ्याजवळ राहायला गेले’ हा युक्तिवाद ऐकला की मला तरी तो अर्धवट वाटतो.

आता नियमांकडे येऊ. नागरी घनकचऱ्याविषयी देशाला पहिले बंधनकारक नियम मिळाले ते सप्टेंबर २००० मध्ये, तेही अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेमुळे. तोवर देवनारचा डोंगर सत्तरी ओलांडून गेला होता. २०१६ मध्ये ते नियम नव्याने लिहिले गेले, पण क्षेपणभूमीबद्दलचा गाभा तोच राहिला. जागा नदीपासून १०० मीटर दूर हवी. तळी, महामार्ग, वस्ती, उद्यानं आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर. विमानतळापासून २० किलोमीटर, कारण कचऱ्यावर पक्षी येतात आणि पक्षी विमानाच्या इंजिनात जातात. देवनारपासून सांताक्रूझचा विमानतळ सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरवर आहे, आणि वस्ती डोंगराला टेकून आहे.

तळाची अट त्याहून कडक आहे. कचरा पडण्याआधी जमिनीवर दीड मिलिमीटर जाडीचं दाट प्लास्टिकचं अस्तर आणि त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमातीचा दाबलेला थर हवा. ही माती अशी, की तिच्यातून पाणी वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकावं. भूजलाची सर्वांत वरची पातळीही या थराच्या किमान दोन मीटर खाली हवी. हे सगळं कशासाठी? पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपलं की त्याचा काळा, आंबूस, जड धातू आणि अमोनिया घेऊन वाहणारा पाझर तयार होतो. अभियंते त्याला लिचेट म्हणतात. अस्तरावर साचलेला हा पाझर नळ्यांनी गोळा करून शुद्ध केला जातो. देवनारला अस्तर नाही, खाली खाडीचा चिखल आहे आणि भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते. समोरच ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीत असलेलं. उभ्या डोंगराखाली अस्तर सरकवता येत नाही. म्हणून देवनार तळाच्या बाबतीत नियमात बसणं कधीच शक्य नव्हतं, आणि यासाठी आजच्या अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

माथ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे इतिहासाचा बहाणा चालत नाही.

नियम सांगतो की टाकलेला कचरा पातळ थरांत पसरावा, जड यंत्रांनी दाबावा आणि त्याच दिवशी काम संपताना त्यावर किमान दहा सेंटिमीटर माती किंवा राडारोडा टाकावा. पावसाळ्यापूर्वी हा थर ४० ते ६५ सेंटिमीटरचा करावा आणि पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा. वाचायला हे किरकोळ वाटतं. क्षेपणभूमीच्या सुरक्षेचा निम्मा भार मात्र या दहा सेंटिमीटरवर असतो. मातीने माश्या, घुशी आणि कुत्री रोखली जातात, दुर्गंधी दबते, प्लास्टिक उडत नाही, आणि मुख्य म्हणजे हवा आत जात नाही. मुंबईच्या कचऱ्यात ओला भाग भरपूर. तो दबून, हवेविना कुजला की मिथेन होतो. मिथेनचं हवेतलं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगी पुरते. म्हणून क्षेपणभूमीवर हे प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या पाव हिश्श्यावर, म्हणजे सव्वा टक्क्यावर जाऊ देऊ नये, अशी अट आहे. गॅस नळ्यांनी ओढून घ्यावा, जाळावा किंवा वीज करावी. तो नुसता सोडून दिला, तर डोंगराच्या पोटात धुमसत राहणारी आग लागते. वरून बंब कितीही पाणी मारोत, ती आत सरकते आणि आठवड्याने दुसरीकडे तोंड काढते.

मग माती का पडत नाही? हिशेब करून पाहा. एक हेक्टर उघडा कचरा दहा सेंटिमीटर झाकायला हजार घनमीटर माती लागते, म्हणजे दहा घनमीटरचा एक धरला तर शंभर डंपर. कचरा टाकण्याचं तोंड रोज लहान ठेवलं तर हा खर्च पेलतो. गाड्या जागा सापडेल तिथे रिकाम्या होऊ लागल्या, की कुठलीच महापालिका तेवढी माती आणू शकत नाही. यात बुलडोझर चालवणाऱ्याइतकीच गाडी कुठे उभी करायची हे ठरवणाऱ्या मुकादमाची भूमिका मोठी असते, आणि अहवालांत त्याचं नाव कधी येत नाही.

२७ जानेवारी २०१६ रोजी देवनारला लागलेली आग याच हलगर्जीचं फळ होती. आगी तिथे नेहमीच्या, पण हिचा धूर अमेरिकेच्या ‘नासा’च्या उपग्रहांनी टिपला. चार दिवस अग्निशमन दल झुंजत होतं. पालिकेच्या ७०हून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि एरवी देवनारशी देणंघेणं नसलेल्या दक्षिण मुंबईलाही धुरकट सकाळ पाहावी लागली. मार्चमध्ये पुन्हा मोठी आग. पोलिसांनी काही भंगारवाल्यांना अटक केली. तारांतलं तांबं सुटं करायला, प्लास्टिकखालचं लोखंड मोकळं करायला तिथे कचरा पेटवला जातो, हे जगजाहीर होतं. पण काडी कुणी लावली यावर चर्चा थांबवणं मला सोयीचं वाटतं. उघडा कचरा, मोकळा मिथेन, जागोजागी फुटलेली संरक्षक भिंत आणि अंधार असेल, तर काडी लावणारा कुणीतरी सापडणारच.

आगीनंतर कॅमेरे आले, पहारा वाढला, भिंत दुरुस्त झाली. कुंपण आणि फाटकावरची नोंद २०००च्याच नियमांत होती. पहाऱ्याची झळ लागली ती कचरावेचकांना. पन्नी, काच, लोखंड, तांबं असं वेगळं करून विकणारी ही माणसं पालिकेला एक पैसाही न मागता हजारो टन माल डोंगरातून बाहेर काढत आली होती. २०१६च्या नियमांनी त्यांना ओळखपत्रं द्यावीत, कचरा व्यवस्थेत सामावून घ्यावं असं म्हटलं. देवनारपुरतं पाहिलं तर त्यांना आधी बाहेर काढलं गेलं आणि सामावून घेणं मागे राहिलं.

न्यायालयाने मात्र दुखरी नस पकडली. मुदतींचं काय झालं, असं मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं. २०००च्या नियमांत जुन्या क्षेपणभूमी सुधारण्याची मुदत ३१ डिसेंबर २००१ होती, प्रक्रिया प्रकल्प उभारण्याची ३१ डिसेंबर २००३. दोन्ही उलटून गेल्या होत्या. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने आदेश दिला, की कचऱ्याची शास्त्रशुद्ध सोय होईपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी नाही. पुनर्विकासासारखे काही अपवाद तेवढे ठेवले. कचरा आणि बांधकाम यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे क्वचितच जोडला गेला असेल: नवी घरं म्हणजे नवा कचरा, आणि तो टाकायला जागा नाही. बिल्डरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१८ मध्ये स्थगिती मिळाली. देवनार बंद करण्याची मुदत त्यानंतरही वाढत गेली.

शहराला हे जमतच नाही असंही नाही. बोरिवलीपलीकडच्या गोराईची क्षेपणभूमी २००७च्या अखेरीस बंद झाली. सुमारे वीस हेक्टरचा तो ढीग उताराने रचला, झाकला, मिथेन ओढायला विहिरी घेतल्या, वर गवत लावलं. खाडीलगतचा जुना, बिनअस्तराचा ढीगही नीट बंद करता येतो, याचा पुरावा याच महापालिकेच्या हद्दीत आहे. मुलुंड २०१८ मध्ये बंद झालं आणि तिथला सुमारे ७० लाख टन कचरा उपसायला घेतला. आज मुंबईचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो. तिथे अस्तर आहे, पाझर पुन्हा कचऱ्यात फिरवून कुजणं वेगवान करणारी बायोरिॲक्टर पद्धत आहे, गॅसपासून वीज होते. तरीही वास येतो ही विक्रोळी-भांडुपकरांची तक्रार थांबलेली नाही. आणि ती जागाच संरक्षित वन असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली म्हणून गाड्या चालू आहेत.

देवनारपुढे आता वेगळाच टप्पा आहे. २०२५ मध्ये पालिकेने सुमारे १८५ लाख टन जुना कचरा बायोमायनिंगने हटवण्याचं काम काढलं, खर्च दोन हजार कोटींहून जास्त, मुदत तीन वर्षं. पद्धत अशी: ढीग कापायचा, रांगा लावून जिवाणूंचं द्रावण फवारायचं, सुकला की फिरत्या चाळण्यांतून काढायचा. प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून, दगड-राडारोडा भरावाला, उरलेली बारीक माती तपासून वापरायची. तीन वर्षं म्हणजे एकही दिवस न थांबता रोज सुमारे १७ हजार टन. मुंबईचा रोजचा ताजा कचरा साडेसहा-सात हजार टनांच्या घरात आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने ओला ढीग चाळता येत नाही. मुदतीविषयी शंका घ्यायला एवढं गणित पुरे. शिवाय शंभर वर्षं दबलेला ढीग उघडला की कोंडलेला मिथेन मोकळा होतो, आत हवा जाते, पाझर फुटतो, धूळ उडते. सुरक्षेचे नियम डोंगर रचताना जितके महत्त्वाचे होते, त्याहून तो कापताना जास्त आहेत.

घाईचं कारण उघड आहे. याच जमिनीतले सुमारे १२४ एकर धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचं राज्य सरकारने ठरवलं आहे. नियम म्हणतात की बंद केलेल्या क्षेपणभूमीवर किमान पंधरा वर्षं देखरेख ठेवावी, आणि वस्तीचा विचार त्यानंतर, तोही गॅस आणि पाझराच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्यावरच करावा. इथे कचरा झाकून ठेवायचा नसून उचलायचा आहे, म्हणून ही अट लागू नाही, असं उत्तर येईल. कचरा उचलता येईल. त्याखालच्या चिखलात जे मुरलं आहे, ते चाळणीत येत नाही.

तेव्हा धारावीकरांनो, देवनारच्या घराची चावी हातात घेण्याआधी तीन कागद मागून घ्या: जमिनीतल्या मिथेनच्या नोंदी, भूजलाच्या तपासणीचे अहवाल आणि मातीतल्या जड धातूंची मोजणी. एका दिवसाच्या नकोत, किमान दोन पावसाळ्यांच्या हव्यात. शिवाजी नगरला १९७०च्या दशकात आणून बसवलेल्यांना असं काही विचारायची सोयच नव्हती.