गंज झाडायला रेती नको

लोखंडाला गंज चढतो, हे वसईकराला सांगायला नको. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, कुठेही किनाऱ्याला जाऊन पाहा. होडीचा नांगर, साखळी, विहिरीचा रहाट, खिडकीचे गज, सगळे तांबूस झालेले दिसते. समुद्राचा वारा खारा. हा खारा ओलावा लोखंडाला बसला की गंज लवकर धरतो. वरून रंग फासला तर चार दिवस बरे दिसते. पण रंगाखाली गंज राहिला असेल तर तो आतल्या आत वाढतो. मग रंगाचे पापुद्रे निघू लागतात.

म्हणून रंग देण्याआधी गंज झाडावा लागतो. घरचा गज असेल तर तारेचा ब्रश आणि काचकागद पुरतो. पण मोठी टाकी, पुलाची तुळई, जहाजाचा पत्रा हाताने कोण घासत बसणार? तिथे हवेच्या जोराने खरखरीत कण मारतात. त्याने गंज उडून जातो आणि खाली चांदीसारखे लोखंड दिसू लागते. या कामाला सँडब्लास्टिंग म्हणतात. सँड म्हणजे वाळू आणि ब्लास्ट म्हणजे जोराचा झोत.

वसईच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूला कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. तुमचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा तिथे कामाला जात असेल. कदाचित याच कामाला जात असेल. तेव्हा त्या झोतात काय घालतात आणि काय घालू नये, हे तुम्हालाही कळले पाहिजे.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमन नावाच्या माणसाने १८७० साली तिचे पेटंट घेतले. यंत्र समजायला अवघड नाही. कॉम्प्रेसर हवा दाबून भरतो. एका बंद पिंपात कण असतात. दाबलेली हवा ते कण जाड रबरी नळीतून ढकलते. नळीच्या टोकाला तोटी असते, तिला नोझल म्हणतात. मोटारीच्या चाकात हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या साधारण तिप्पट दाब इथे लागतो. तोटीतून कण बंदुकीच्या छऱ्यासारखे सुटतात. हातावर बसले तर कातडी सोलून काढतील.

आता मुख्य गोष्ट. कामाचे नाव वाळूचे आहे. पण त्यात वाळू घालायची नाही.

का नाही, ते पाहा. आपली वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीचा चुरा. गारगोटीत जे द्रव्य असते त्याला सिलिका म्हणतात. वाळू पायाखाली तुडवली तर काही होत नाही. मुले तिच्यात दिवसभर खेळतात, त्यानेही काही बिघडत नाही. पण तोच कण जोराने लोखंडावर आपटला की फुटतो. त्याची पिठाहून बारीक धूळ होते. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाकाघशात अडकते आणि शेंबडाथुंकीवाटे बाहेर पडते. घातक धूळ दिसतच नाही. माणसाच्या केसाच्या जाडीचे सात-आठ भाग करा. त्यातल्या एका भागाहूनही हे कण बारीक असतात. ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथेच रुतून बसतात.

हाताला भाजले तर वण उठतो. वणाची कातडी ताठ होते, ती पहिल्यासारखी ताणत नाही. फुप्फुसात असेच होते. एकेका कणाभोवती वण धरतो. फुप्फुस भात्यासारखे फुलायला हवे, ते ताठ होत जाते. आधी जिना चढताना धाप लागते. मग चार पावले चालताना लागते. मग बसल्या जागी लागते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. बहुधा तो दहा-वीस वर्षांनी दिसतो. पण वाळूच्या झोतापुढे धूळ इतकी दाट असते की, काही कामगारांना तो थोड्याच वर्षांत गाठतो. त्यावर औषध नाही. काम सोडले तरी बसलेली धूळ निघत नाही.

आणखी एक सांगतो, ते नीट ध्यानात ठेवा. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय लवकर जडतो. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणेही दोन्हींत सारखीच. त्यामुळे पुष्कळ वेळा नुसत्या क्षयाचा उपचार चालतो आणि मूळ रोग तसाच राहतो. डॉक्टरकडे गेलात तर आपण काय काम करतो, किती वर्षे केले, हे आपण होऊन सांगा. डॉक्टर विचारील याची वाट पाहू नका.

हे नुसते पुस्तकातले भय नव्हे. तुमच्या पाटीवर तुम्ही ज्या पेन्सिलीने अक्षरे गिरवलीत, तशा पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसौर इथे दगड कापून करत. त्या दगडाची धूळ छातीत जाऊन तिथले कितीतरी कामगार सिलिकोसिसने गेले. तुर्कस्तानात वेगळीच तऱ्हा झाली. नवी जीन पँट जुनी आणि विटकी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा झोत मारत. हे काम करणारी पोरे ऐन विशीत धापा टाकू लागली. शेवटी २००९ साली तिथल्या सरकारने कपड्यांवर असा झोत मारायला बंदी केली. फॅशनसाठी छाती द्यायची, याला काय म्हणावे? ब्रिटनमध्ये तर १९४९ सालीच ओतकामाच्या वस्तू वगैरे साफ करायला वाळूचा झोत वापरण्याची मनाई झाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा ‘कळवण्याचा रोग’ ठरवला. म्हणजे कामगाराला हा रोग आढळला तर डॉक्टरने तो सरकारला कळवलाच पाहिजे. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही तो त्या यादीत आहे.

कोणी म्हणेल, “गुरुजी, वैतरणेच्या खाडीची रेती जवळ आहे, स्वस्त आहे. बाहेरचा माल कशाला आणायचा?” छातीची गोष्ट घटकाभर बाजूला ठेवू. नुसता पैशाचा हिशेब करू. खाडीची रेती खारी. तिच्यातले मीठ लोखंडाच्या खरखरीत अंगात बसते. वर रंग दिला की ते मीठ ओलावा ओढते आणि रंगाखाली पुन्हा गंज धरतो. दुसरे असे की, रेती एकदा मारली की तिची भुकटी होते. ती पुन्हा वापरता येत नाही. प्रत्येक वेळी नवी आणा आणि जुनी फेका. तेव्हा स्वस्त ती कुठे राहिली?

मग घालायचे काय? जसे काम तसा माल.

पोलादाचे बारीक दाणे मिळतात. त्यांचे दोन प्रकार. गोल दाण्यांना शॉट म्हणतात आणि टोकदार कणांना ग्रिट. गोल सुपारी भिंतीवर मारली तर ती ठोका देते. खडी मारली तर ती ओरखडते. इथेही तसेच. शॉट ठोकतो, ग्रिट कापतो. जुना, जाड गंज काढून वर रंग द्यायचा असेल तर ग्रिट बरी. गवंडी भिंतीला गिलावा करण्याआधी छिन्नीने टाचे मारतो, म्हणजे गिलावा धरतो. तसा रंग धरायलाही पत्रा थोडा खरखरीत लागतो. त्या खरखरीची खोली केसाच्या जाडीएवढी असली की पुष्कळ झाली. फार मोठे कण घेतले तर खड्डे खोल पडतात, रंग जास्त खातो आणि खड्ड्यांची टोके रंगातून वर डोकावतात. म्हणून लागेल तेवढाच बारीक कण घ्यावा.

पोलादाचा माल महाग असतो. पण तो फुटत नाही. गोळा करून, चाळून शंभराहून जास्त वेळा वापरता येतो. मात्र त्याला बंद खोली हवी, म्हणजे तो वाया जात नाही. आणि ती कोरडी हवी. ओल लागली की पोलादालाच गंज चढतो आणि त्याचे गठ्ठे होतात. आपल्या पावसात उघड्यावर तो घेऊन बसणे म्हणजे पैसे गटारात टाकणे.

उघड्यावरच्या कामाला गार्नेट चांगला. अंगठीत घालतात तो गोमेद याच जातीचा खडा. ओडिशा आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत हा लालसर कण सापडतो. तो जड आणि कठीण असतो, काम लवकर करतो, धूळही कमी उडवतो. नीट गोळा केला तर तीन-चार वेळा चालतो. घेताना धुतलेला, मीठ नसलेला माल मागावा आणि त्यात वाळूची भेसळ नाही याची खात्री करावी. दुसरा स्वस्त माल म्हणजे तांब्याच्या भट्टीतली मळी. तिला कॉपर स्लॅग म्हणतात. गुजरातेत दहेजला तांब्याचा मोठा कारखाना आहे, अशा ठिकाणी ती निघते. ती काळी, काचेसारखी असते. तिच्यात मोकळी सिलिका अगदी थोडी. पण ती फुटते, धूळ करते आणि त्या धुळीत धातूंचे अंश असतात. म्हणून ती निर्धास्तपणे हुंगावी अशी नव्हे.

स्टेनलेसच्या वस्तूवर मात्र पोलादाचे कण मारू नयेत. लोखंडाचे सूक्ष्म तुकडे तिच्या अंगात रुततात आणि थोड्या दिवसांनी स्टेनलेसवरही गंजाचे ठिपके दिसतात. गिऱ्हाईक मग भांडायला येते. तिथे काचेचे गोल मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरतात. काचेच्या मण्यांनी मऊ, मंद झळाळी येते. मणी काचेचे असले तरी त्यात मोकळी सिलिका नसते. ॲल्युमिनियम ऑक्साइड फार कठीण, तो काचेवर नक्षी कोरायलाही चालतो. नाजूक वस्तूला अक्रोडाच्या कवचाची भरडही मारतात.

आता सोबतच्या सामानाकडे वळू. पुष्कळ जण यंत्राला पैसे घालतात आणि सामानात काटकसर करतात.

तोटीचेच पाहा. कण तोटीचे भोक रोज थोडे थोडे खातात. भोक ६ मिलिमीटरचे ८ मिलिमीटर झाले तर वाटते, दोनच मिलिमीटर तर वाढले. पण हवा जाते भोकाच्या क्षेत्रफळाने. सहा सक छत्तीस आणि आठ आठे चौसष्ट. म्हणजे हवा पावणेदोन पट लागते. कॉम्प्रेसर तेवढा पुरा पडत नाही, दाब उतरतो, झोत मऊ होतो. कामगार मग तासन्‌तास उभा राहतो आणि विजेचे बिल वाढते. म्हणून हवा बंद करून भोकात ड्रिलचा बिट घालून माप पाहावे. दीड मिलिमीटर वाढले की तोटी बदलावी. चिनीमातीची तोटी स्वस्त पण लवकर झिजते. टंगस्टन कार्बाइडची महाग पण पुष्कळ टिकते. मात्र ती हातातून पडू देऊ नये, तडकते.

नळीचे भोक तोटीच्या निदान तिप्पट असावे. नळीच्या प्रत्येक सांध्यावर तारेची दोरी बांधावी, कारण सांधा सुटला तर नळी सापासारखी फणा काढून आपटते. कोरडे कण घासून नळीत वीज साठते आणि झटका बसतो, म्हणून वीज जमिनीत उतरवणारी नळी घ्यावी आणि पिंपाला अर्थिंग द्यावे. तोटीजवळ अशी कळ हवी की हात सुटला तर झोत आपोआप बंद पडेल. कित्येक जण ही कळ तारेने बांधून ठेवतात. ते चूक आहे. माणूस पाय घसरून पडला तर ती तोटी त्याच्याकडेच वळेल.

पावसाळ्यात हवेत ओल फार. हवा दाबली की त्या ओलीचे पाणी होते. पाणी कणांत मिसळले की ते तोटीत तुंबतात. म्हणून कॉम्प्रेसरनंतर पाणी वेगळे करणारे भांडे लावावे आणि ते रोज रिकामे करावे. उघडे झालेले लोखंड साधारण चार तासांच्या आत प्रायमरने झाकावे. पावसाळी दिवशी त्याहून लवकर.

सर्वांत मोलाचे सामान म्हणजे टोप. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कापडाचा साधा मास्कही अडवत नाही. डोके, मान, खांदे झाकणारा, बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा टोप लागतो. ही हवा कॉम्प्रेसरची तशीच देऊ नये. ती गाळून द्यावी. कॉम्प्रेसर डिझेलच्या धुराशेजारी ठेवला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड टोपात येतो. त्याला वास नसतो आणि साधी गाळणी त्याला अडवत नाही. म्हणून कॉम्प्रेसर वाऱ्याच्या बाजूला, मोकळ्या हवेत ठेवावा. टोप नुसता झोत मारणाऱ्याला देऊन भागत नाही. शेजारी कण भरणारा मदतनीस आणि संध्याकाळी झाडू मारणारी बाई, दोघेही तीच धूळ घेतात. सुकी धूळ झाडूने उडवू नये. ओली करून किंवा यंत्राने ओढून काढावी.

झोत थांबला म्हणजे लगेच टोप काढायचा नाही. धूळ खाली बसायला वेळ लागतो. कामाचे कपडे गाळ्यातच बदलावेत, तिथेच अंग धुवावे. ते कपडे घरी आलेच तर ओटीवर झटकू नका. आधी बादलीत भिजवा आणि पोरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.